कलम चार

परिषदेच्या पहिल्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत सात निबंध पडले होते. पडले म्हणजे काय, तर वाचन संपल्यावर मंचामागच्या पडद्यावर आकडा लागला आणि सभागृहानं तो मुकाट्यानं वाचला. पक्षांतराच्या नियमांवरचा निबंध, दहा हजारांत नव्वद. बाजार समित्यांच्या फेररचनेवरचा, दहा हजारांत तीनशे चार. ग्रामन्यायालयांवरचा, अकरा. वाचणारे आता मागे वळून आकडा बघतसुद्धा नसत. समोरच्यांच्या चेहऱ्यावरून तो त्यांना कळायचा. ते कागद गोळा करून खाली उतरायचे, आणि संयोजक पुढचं नाव पुकारायचे.

आठवं नाव यशोधरा रामटेके यांचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी यशोधरा नागपूरच्या या परिषदेला पहिल्यांदा आली तेव्हा तिची वकिलीची सनद नवी होती आणि मुलगी मैत्रेयी पाच वर्षांची. राज्यकारभार, अर्थकारण आणि न्यायव्यवस्था यांत काय सुधारता येईल यावर तीन दिवस माणसं इथं कडाकडा भांडायची. नऊशे प्रतिनिधी असत. जिन्यात उभं राहून वाद चालत, एकदा तर दोन अर्थतज्ज्ञांना हाताला धरून वेगळं करावं लागलं होतं. यंदा, सन २०४३ मध्ये, सभागृहात साठ-पासष्ट माणसं होती आणि भांडण कुणाचंच कुणाशी नव्हतं. पडद्याशी कोण भांडणार?

त्या पडद्यामागच्या यंत्राला सगळे 'प्रतिराज्य' म्हणत. त्याची कल्पना समजायला अवघड नव्हती. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत राज्यातला जवळजवळ प्रत्येक सरकारी कागद संगणकावर गेला होता. कोणती नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली, कोणत्या कारकुनानं काय शेरा मारला, कोणत्या न्यायाधीशानं सोमवारी किती तारखा दिल्या आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी किती, सगळ्याची नोंद होती. या नोंदींतून यंत्रानं चार लाख माणसांच्या सवयी शिकून घेतल्या. कामाचा ढीग किती वाढला की न्यायालयातला एखादा शिरस्तेदार 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून मोकळा होतो, बदली जवळ आली की एखादा अधिकारी सही करायची किती टाळतो, हे त्या सवयींत होतं. यंत्राच्या आत या चार लाख सवयी एकमेकींना कागद पाठवत, परत करत, अडवून ठेवत. म्हणजे राज्याची एक हुबेहूब प्रतिकृतीच.

त्या प्रतिकृतीत नवा नियम सोडायचा आणि पंधरा वर्षं पुढं जाऊ द्यायचं. असं दहा हजार वेळा. दर खेपेला थोडा योगायोग बदलायचा. कुठं पूर, कुठं साथ, कुठं सत्तापालट. शेवटी मोजायचं, दहा हजारांपैकी किती वेळा नियम टिकला. हे सगळं व्हायला एक दुपार पुरत असे. यंत्र तयार झाल्यावर त्याला आधी होऊन गेलेल्या दोनशे सुधारणा दिल्या होत्या, पुढं त्यांचं काय झालं हे न सांगता. एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा त्याचं उत्तर बरोबर आलं.

मग शासनानं ठरवलं, सहा हजारांच्या खालच्या प्रस्तावावर वेळ घालवायचा नाही. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जे बुडणार हे आधीच कळतंय ते पाण्यात सोडायचं कशाला? तीन वर्षं झाली त्या निर्णयाला. तीन वर्षांत एकही प्रस्ताव सहा हजारांपर्यंत पोचला नव्हता.

यशोधरानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तिचा विषय कच्च्या कैद्यांचा होता, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही पण जे खटला संपण्याची वाट बघत तुरुंगात आहेत त्यांचा. प्रस्ताव चार कलमांचा. एक, दर नव्वद दिवसांनी अशा कैद्याला प्रत्यक्ष न्यायाधीशासमोर उभं करायचं, पडद्यावर नाही. दोन, तारीख पुढं गेली तर का गेली ते न्यायाधीशानं स्वतः लिहायचं. तीन, सरकार पक्षामुळे सलग तीन तारखा वाया गेल्या तर चौथ्या तारखेला कैद्याची जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सुटका. चार, हा नियम आज तुरुंगात असलेल्या सगळ्यांना लागू.

चौथ्या कलमाशी आल्यावर तिनं जैवंता मडावीची हकीकत वाचली. कोसमटोला नावाच्या दहा-बारा घरांच्या पाड्यावरची ही बाई. नऊ वर्षांपूर्वी तिचा दीर मेला आणि तिनं त्याच्या जेवणात विष घातलं असा गुन्हा दाखल झाला. व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल प्रयोगशाळेतून कधी आलाच नाही. विष होतं की नव्हतं हेच कुणाला ठाऊक नाही. एकशे अठरा तारखा पडल्या. त्यांतल्या एकतीस वेळा तिला न्यायालयात आणलं, बाकीच्या वेळी ती पडद्यावर होती. साक्षीदार अजून एकही तपासलेला नाही. कोर्टातली वकिली सोडून अभ्यासाकडं वळलेली यशोधरा तिला सहा वर्षं भेटत होती.

वाचन संपलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. यशोधरानं मात्र मागे वळून पाहिलं.

दहा हजारांत वीस.

सत्राचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती दिगंबर कानडे होते. चहाच्या वेळी ते तिला शोधत व्हरांड्यात आले.

"वीस म्हणजे शून्यच हो, यशोधराताई," ते म्हणाले. "माझ्या समितीनं अधिवेशनाआधी शासनाला एक तरी विधेयक द्यायचं आहे. तीन वर्षं मी कोरा कागद पाठवतोय, लाज वाटते. तुमच्या निबंधात काहीतरी आहे जे त्याला खाली खेचतंय. ते शोधून काढा. उद्या सकाळी तुम्हाला पुन्हा वेळ देतो."

"काय खाली खेचतंय ते कुणाला विचारू?"

कानडे थोडं अवघडून हसले. "ते तुमच्या घरातच आहे की."

घरात होतं ते असं, की मैत्रेयी, यशोधराची एकुलती एक मुलगी, प्रतिराज्य चालवणाऱ्या केंद्रात काम करत होती. सभागृहाच्या अगदी मागे, काचेच्या खोलीत बसून आईचा आकडा पडद्यावर तिनंच सोडला होता.

संध्याकाळी सभागृहामागच्या हिरवळीवर दोघी भेटल्या. माळी पाणी देऊन गेला होता, खुर्च्यांचे पाय मऊ मातीत रुतत होते. मैत्रेयीनं दोन कप चहा आणला, एक आईपुढं ठेवला.

"तुला ठाऊक होतं," यशोधरा म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. मसुदा घरी टेबलावर होता. एका रविवारी मी तो चालवून पाहिला."

"आणि दोन महिने माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

मैत्रेयीनं कप बाजूला ठेवला. "सांगितलं असतं तर तू लिहायचं थांबली असतीस का?"

"नसते थांबले."

"मग?"

यशोधराला राग आला होता, पण त्या रागाला नीट जागा सापडत नव्हती. तिनं विचारलं, "वीसच का? मला दाखव."

मैत्रेयीनं मांडीवर संगणक उघडला. दहा हजारांतला एक भविष्यकाळ निवडला, त्यातला एक जिल्हा निवडला आणि महिन्यामागून महिना पुढं सरकवत सांगू लागली. कायदा लागू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात त्या जिल्ह्यात एकोणीसशे जुने कैदी एकदम न्यायालयात आणायचे झाले. न्यायाधीश सहा. कैद्यांना आणायला पोलीस चाळीस, त्यांतले निम्मे बंदोबस्तावर. दुसऱ्या महिन्यात शिरस्तेदारानं जुन्या खटल्यांचे कागद शोधायला माणूस मागितला, मिळाला नाही. तिसऱ्या महिन्यात त्यानं 'अभिलेख उपलब्ध नाही' लिहायला सुरुवात केली. आठव्या महिन्यात जिल्हा न्यायाधीशांनी तीन महिन्यांची सवलत मागितली, ती मिळाली. मग आणखी तीन महिने. एकोणिसाव्या महिन्यात सवलतीचंच परिपत्रक झालं, आणि त्याच परिपत्रकाखाली नवे कैदीही ढकलले गेले. चौथ्या वर्षी नियम पुस्तकात होता आणि कुणाच्या लक्षात नव्हता.

"यात वाईट माणूस कुणी नाही," मैत्रेयी म्हणाली. "मी शोधला होता."

यशोधरा पडद्यावर वाकली. त्या शिरस्तेदाराला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तरी तिला तो ओळखीचा वाटला. असे कितीतरी जण तिनं पाहिले होते. टेबलाखाली डबा, डोळ्यांत झोप, आणि समोर कमरेएवढा ढीग.

"ही तुमची माणसं," ती म्हणाली, "हरलेल्या माणसांच्या नोंदींवरून बनवलीत. ती हरणारच. खरा माणूस कधीकधी वेगळं वागतो."

"वागतो. ते धरलंय त्यात. म्हणून तर वीस आहेत."

"आणि हा आकडा बघून जो अधिकारी प्रयत्नच सोडून देतो, तो?"

"तोही धरलाय." मैत्रेयीचा आवाज खाली आला. "आकडे जाहीर करायला लागल्यापासून सगळेच आकडे घसरलेत, आई. बाराशे असायचा तिथं आता तीनशे येतो. आम्हाला दिसतंय. पण जाहीर केलं नाही तर शासन केंद्र बंद करेल. जाहीर करणं थांबवावं असा प्रस्ताव आम्ही आतून चालवून पाहिला. त्याचाही आकडा आला."

तो किती आला, हे यशोधरानं विचारलं नाही.

"कलम चार काढलं तर?" तिनं विचारलं. विचारताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

मैत्रेयीला संगणकाकडं बघावंही लागलं नाही, म्हणजे तेही तिनं चालवून पाहिलं होतं. "सहा हजार चारशे बारा," ती म्हणाली. "नवे कैदी हळूहळू येतात. ओझं एकदम पडत नाही. सवय लागायला वेळ मिळतो. दरवर्षी या राज्यात काही हजार माणसं नव्यानं आत जातात, आई. त्यांच्यापैकी कुणाची जैवंता होणार नाही."

"आणि जैवंताची?"

"ती त्या वीसमध्येही सुटत नाही, तिच्या खटल्याचे कागद तिथंही सापडत नाहीत. तू मांड किंवा नको मांडू. हे मला दोन महिने तुला सांगता येत नव्हतं."

यशोधरानं चहा तसाच ठेवला. मैत्रेयी दिवसाचा हिशेब बंद करायला आत गेली तेव्हा ती एकटीच हिरवळीवर बसून राहिली. या निबंधाचं पहिलं लिहिलेलं कलम चौथंच होतं. बाकीची तीन त्याच्यासाठी, त्याला आधार म्हणून, नंतर आली होती. जैवंतानं आपली गोष्ट सांगायला दोन वर्षं घेतली होती. आधी नुसती यायची, जाळीपलीकडं बसायची, उठून जायची. मग एक दिवस तिनं विचारलं होतं, हे कागदावर लिवलं तर का होईल. यशोधरानं सांगितलं होतं, कायदा होईल. तिनं तेव्हा 'कदाचित' म्हटलं होतं का, हे तिला आता आठवेना.

सकाळी तिनं तीन कलमांचा निबंध वाचला. जैवंताची हकीकत तिनं ठेवली. ती काढली तर सगळ्याच कागदातला जीव गेला असता. वाचून झाल्यावर पडद्यावर सहा हजार चारशे बारा आलं, आणि सभागृहाला ते समजायला एक क्षण लागला. मग माणसं उभी राहिली. तीन वर्षांनी पहिल्यांदाच कुणी टाळ्या वाजवत होतं, आणि सवय मोडल्यासारख्या त्या वेड्यावाकड्या पडत होत्या. तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक डोळे पुसत होते. कानड्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. काचेच्या खोलीत मैत्रेयी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, आईकडं बघत होती.

यशोधराला आनंद झाला. हे तिनं पुढं कुणापासून लपवलं नाही. त्या पाच मिनिटांत तिला खरोखर आनंद झाला होता.

पुढच्या सोमवारी ती पूर्वेकडच्या, जैवंताच्या जिल्ह्याच्या तुरुंगात गेली. मुलाखतीच्या खिडकीला बारीक जाळी होती, पलीकडचा माणूस तुकड्यातुकड्यांत दिसायचा. जैवंता येऊन बसली. पंचेचाळिशीची असेल, पण दात गेल्यानं म्हातारी दिसायची. गोंडी तिची भाषा. मराठी ती बराकीतल्या बायकांकडून शिकली होती.

"झालं का जी, वकीलबाई?" तिनं विचारलं. "कायद्याचं?"

"झालं. यंत्रानं पास केला, आता कायदा होईल."

जैवंताचे हात जाळीशी आले.

यशोधरानं सगळं सांगितलं. गोल गोल न करता सांगायचं ठरवून आली होती, तसंच सांगितलं. कायदा नव्या कैद्यांना लागू होईल. आज जे आत आहेत त्यांना नाही. ते कलम ठेवलं असतं तर कुणालाच मिळालं नसतं. म्हणून तिनं स्वतःच्या हातानं ते काढलं.

"तुमीच काढलं?"

"मीच."

"त्या मशीननं सांगतलं म्हून?"

"हो."

जैवंतानं हात मागे घेतले. तिनं आवाज चढवला नाही. शेजारच्या खिडकीत एक म्हातारा आपल्या मुलाला शेळी व्यायल्याचं सांगत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"बराकीत सतरा बाया हायेत," ती म्हणाली. "साऱ्यायले मी सांगतलं होतं, वकीलबाई कायदा करून रायली. त्यायले आता मी का सांगू?"

"मी येऊन सांगते त्यांना."

"नोको." मग ती म्हणाली, "त्या कागदात माझी गोष्ट हाये अजून?"

"आहे."

"ते काढा. माझं नाव, माझ्या दिराचं नाव, गावाचं नाव. मी ते माझ्यासाठी सांगतलं होतं."

यशोधरा म्हणाली, काढते. जैवंता उठली आणि वेळ संपायच्या आत निघून गेली. परत येताना बसमध्येच यशोधरानं परिषदेच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या माणसानं अदबीनं सांगितलं की निबंध छापून गेला आहे, विधेयकाच्या प्रस्तावनेतही ती हकीकत घेतली आहे, मंत्र्यांना ती फार आवडली.

कायदा पुढच्या वर्षी आला. सुरुवातीचे आठ-दहा महिने यशोधरा गावोगावच्या न्यायालयांत जाऊन बघत होती. नवे कैदी खरोखर नव्वद दिवसांनी न्यायाधीशांसमोर उभे राहत होते. एका ठिकाणी अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीला चौथ्या तारखेला सुटताना तिनं डोळ्यांनी पाहिलं. मुलीचा बाप दारात उभा होता, त्याला आत यायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी यशोधरानं मैत्रेयीला फोन करून हे सांगितलं, आणि दोघी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलल्या.

त्याच सुमारास तिच्या हाती जुन्या खटल्यांचे रोजनामे, म्हणजे न्यायालयाच्या दर तारखेच्या नोंदी, आले. तिनं ते आधी नुसते चाळले. मग टेबलावर नीट मांडून बसली. जुन्या कैद्यांना पूर्वी महिन्याभरानं तारीख मिळायची. आता सात महिन्यांनी, आठ महिन्यांनी. कारणाच्या रकान्यात सगळीकडं एकच ओळ होती: 'मुदतीची प्रकरणे बोर्डावर असल्याने'. नव्यांना मुदत होती, म्हणून न्यायाधीश आधी नव्यांना घेत. जुन्यांना मुदत नव्हती. त्यांचा वेळ उचलून नव्यांना दिला गेला होता. जैवंताला कायदा आल्यापासून एकच तारीख पडली होती.

तिनं ते रोजनामे मैत्रेयीपुढं ठेवले. मैत्रेयीनं उभ्याउभ्याच वाचले, मग खाली बसली आणि एका तासानं संगणकावरून मान वर केली.

"यंत्राला हे माहीत होतं," ती म्हणाली. "सहा हजार चारशे बारा वेळा नियम टिकला ना, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वेळी हे झालंय. जुने मागे पडलेत."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"आपण विचारलं नव्हतं. नियम टिकेल का, एवढंच आपण विचारतो. कुणाच्या जिवावर टिकेल, हा प्रश्नच त्यात नाही." तिनं कागद नीट एकावर एक ठेवले. "डिसेंबरात मला सुचायला हवं होतं."

यशोधराला तिच्यावर ओरडता आलं असतं. पण मुलीचा चेहरा पाहून तिला आठवलं, हिरवळीवर सहा हजार चारशे बारा ऐकल्यावर तिनंही पुढचा प्रश्न विचारला नव्हता. बराकीतल्या बायका तेव्हा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या होत्या, आणि तिनं त्यांना जाऊ दिलं होतं.

मैत्रेयीनं नोकरी सोडली नाही. यंत्राला प्रत्येक वेळी दुसरा प्रश्नही विचारला जावा, म्हणून तिनं रीतसर प्रस्ताव लिहिला. नियमाप्रमाणे तो यंत्रातून गेला. आकडा आला दहा हजारांत सदुसष्ट. ती दरवर्षी तो नव्यानं लिहून पाठवू लागली. दरवर्षी त्याचा आकडा थोडा खाली येई.

यशोधरानं परिषदेला जाणं बंद केलं. कानड्यांचं एक पत्र आलं, मग दुसरं. तिनं उत्तर दिलं नाही. धूळ खात पडलेला काळा कोट धुऊन घेतला आणि त्या तुरुंगात जाऊन जैवंताचं वकीलपत्र मागितलं.

जैवंतानं तीन वेळा भेट नाकारली. चौथ्या वेळी आली, बसली नाही.

"आता का पायजे?"

"तुमचा खटला चालवायचा आहे. फक्त तुमचा. कागदात कुठं लिहायचा नाही."

"सुटीन का मी?"

"सांगता येत नाही. अहवाल हरवलाय, साक्षीदारांतले दोघं वारलेत. नवे खटले आधी घेतात. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित जास्त."

जैवंता खिडकीजवळ तशीच उभी राहिली. तिला खोटं न सांगणारं उत्तर बहुतेक ऐकायचं होतं, किंवा तिला दुसरं कुणी उरलं नव्हतं. यशोधराला ते कधीच नक्की कळलं नाही. शिपायानं शाईचं पॅड आत सरकवलं. जैवंतानं अंगठा उठवला, बोट लुगड्याला पुसलं आणि वळून गेली.

तिला पडद्यावर नको, प्रत्यक्ष आणा, एवढ्यासाठीच यशोधरानं पाच अर्ज केले. सहाव्या महिन्यात आदेश मिळाला, अकराव्या महिन्यात तारीख. त्या सकाळी जैवंता दोन पोलीस बायकांमधून न्यायालयात शिरली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच बाहेर येत होती. उजेडानं तिचे डोळे बारीक झाले होते.

न्यायाधीश तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी यशोधराचं म्हणणं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. जामिनाच्या अर्जावर सरकार पक्षाला उत्तर द्यायला वेळ हवा होता. सरकारी वकिलांकडे मूळ कागदच नव्हते. न्यायाधीशांनी दिवसाच्या खटल्यांचा बोर्ड पाहिला. त्यावर मुदतीच्या प्रकरणांची रांग होती.

"मॅडम, मला दिसतंय," ते म्हणाले. "पण या नव्या पोरांना मी नव्वद दिवसांत घेतलं नाही तर मला लेखी उत्तर द्यावं लागतं. तुमच्या अशिलाचं मला कुणी विचारत नाही." त्यांनी पानं उलटली. "पुढच्या वर्षी एप्रिलची नऊ तारीख देतो. त्याआधी खरंच जागा नाही."

यशोधरानं आणखी एकदा उभं राहून विनंती केली. मग तारीख लिहून घेतली.

कैद्यांची गाडी यायला अवकाश होता. बाहेरच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. पोलीस बाईंनी जैवंताला त्यावर बसू दिलं आणि यशोधराला तिच्या शेजारी बसायला मनाई केली नाही. सहा वर्षं आणि वर ही तीन, इतक्या काळात मध्ये जाळी नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. यशोधरानं डब्यातली भाजी-भाकरी पुढं केली. जैवंतानं पोलीस बाईंकडं पाहिलं, त्यांनी दुसरीकडं पाहिलं. ती सावकाश खाऊ लागली. दात नसल्यानं भाकरी भाजीत बुडवून मऊ करून. समोरच्या आवारात माणसं कागद घेऊन धावत होती.

"एप्रिल म्हंजे मोहफुलं वेचाच्या टायमाले," ती म्हणाली.

"हो. चौदा महिने."

"तवा तरी होईल?"

"माहीत नाही."

जैवंतानं मान हलवली. उरलेली अर्धी भाकरी तिनं पदरात बांधली, बराकीत कुणासाठी तरी असावी. गाडी फाटकातून आत आली. पोलीस बाई उठल्या.

"मी येईन," यशोधरा म्हणाली. "एप्रिलच्या आधीही येईन, दर महिन्याला."

जैवंता गाडीच्या पायरीवर थांबली. वळली नाही.

"सांगू नोका," ती म्हणाली. "या."